थिबाच्या खिडक्या आणि माजघरातला काळोख

रत्नागिरीस सूर्य समुद्रात मावळतो, वारा समुद्रावरून येतो आणि पाऊसही तिकडूनच. ज्या बाजूस खिडकी असावीशी वाटते, तीच बाजू उन्हाळ्यातल्या दुपारी सर्वांत अधिक तापते. माथ्यावरचे ऊन छपराच्या पाख्याने अडते. पश्चिमेचे कलते ऊन पाख्याखालून थेट आत शिरते. शिवाय हे गाव सुमारे 17 उत्तर अक्षांशावर. मेच्या पूर्वार्धात सूर्य माध्यान्ही डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या प्रारंभापर्यंत त्याच्याही उत्तरेस राहतो. म्हणजे त्या काळात उत्तरेची खिडकीही निर्धोक नाही.

जुन्या कोकणी घराने ऊन भिंतीपर्यंत पोहोचूच दिले नाही. जांभ्याच्या जाड भिंती, खाली उतरलेले छप्पर, पडवी, ओटी, लहान खिडक्या. उजेड यायचा तो बहुतांशी अंगणावरून उसळून. शास्त्रदृष्ट्या ही योजना चोख होती. कारण सावली खिडकीच्या बाहेर असेल तरच उष्णता अडते. आतला पडदा डोळ्यांना सुख देतो खरा, पण तोवर ऊन घरात आलेले असते.

मात्र या गारव्याची किंमत घरातल्या सर्वांनी सारखी मोजली नाही. वारा आणि उजेड ओटीवर. तेथे पुरुष, पाहुणे, पोथी आणि हिशेबाच्या वह्या. माजघरात आणि स्वयंपाकघरात काळोख व चुलीचा धूर, तेथे बायका. आपल्या समीक्षेने माजघरातला काळोख रूपक म्हणून इतका वापरला, की तो हवामानाशी केलेला एक व्यवहार होता याचा विसर पडला. उलट पारंपरिक वास्तूचे गोडवे गाणाऱ्यांना तो काळोख दिसतच नाही. आम्हाला दोन्ही वाचने अर्धी वाटतात. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौले कोकणभर पसरली. त्यांच्या मापाचे काचेचे एखादे कौल चुलीच्या वर बसू लागले, तेव्हा स्वयंपाकघरात हातभर कवडसा उतरला. एवढ्याशा काचेतून उष्णता ती किती येणार! स्त्रियांच्या इतिहासात या कौलाची नोंद व्हायला हवी.

याच गावात 1910 च्या सुमारास अगदी निराळ्या खिडक्या उभ्या राहिल्या. 1885 मध्ये इंग्रजांनी पदच्युत केलेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा 1886 पासून येथे बंदिवासात होता. त्याच्यासाठी राजवाडा बांधला गेला. तीन मजली इमारत, उतरते छप्पर, नक्षीदार लाकडी चौकटींच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या आणि त्यांत रंगीत काचा. दारे-खिडक्या समुद्राकडे मोकळ्या. सूर्याची जवळजवळ निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. रंगीत काच दृश्य प्रकाश गाळते, पण ते किरण सामान्यतः बऱ्याच प्रमाणात आत सोडते. शिवाय स्वतः तापते. उजेड कमी आणि ऊन पुरेसे, असा हा उफराटा सौदा. पण ज्याला परतण्याची मुभा नाही, त्याच्या घराची खिडकी केवळ उष्णतेच्या मापाने जोखता येत नाही. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ (2000) या कादंबरीतला थिबा दुर्बिणीतून खाडीतल्या नौका न्याहाळतो, ते आम्हाला म्हणूनच पटते. राजवाड्यात तो जेमतेम सहा वर्षे राहिला. डिसेंबर 1916 मध्ये रत्नागिरीतच वारला.

आज प्रकाश आत घेऊन अवरक्त किरण परतवणारी लेपयुक्त काच मिळते. रत्नागिरीतल्या नव्या सदनिकांत मात्र बहुधा साधी सरकती काच दिसते आणि तिच्यावर वीतभर छज्जा. 2018 च्या इको-निवास संहितेने आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांत भिंती व खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला 15 वॅटची मर्यादा घातली. खिडकी लहान असेल तर काच अधिक पारदर्शक हवी, असेही तीत आहे. स्वयंपाकघर कोणत्या बाजूस असावे, याविषयी तीत काही नाही.