खराट्याचा पहारा



अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. एकाचा पहारा संपला की तो वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देतो, एकमेकांच्या पाया पडतो, आणि नाम पुढे चालते. माणसे बदलतात, नेम मोडत नाही. गावाच्या आणि पालखीवाटेच्या स्वच्छतेलाही असाच एक पहारा आहे. तो कोणाकडून कोणाकडे आला, ते आज आपल्यापुढे मांडतो.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. यांनाच आपण गाडगेबाबा म्हणतो. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि फुटके गाडगे एवढाच संसार. पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे यात्रेकरूंचे हाल पाहून त्यांनी घाट उभा करविला. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा झाल्या. पण त्यांची मोठी शिकवण त्यांच्या दिनक्रमात होती. गावात पाऊल ठेवताच बाबा कोणाशी न बोलता रस्ता झाडू लागत. लाजेने म्हणा, कौतुकाने म्हणा, गावकरी येऊन मिळत. दिवसभर हातांनी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून मने झाडायची, असा तो क्रम. आम्ही कीर्तनकार निरूपण आधी करतो आणि आचरण श्रोत्यांवर सोपवितो. बाबांनी आचरण आधी ठेवले, म्हणून त्यांचे निरूपण निरक्षरालाही कळले. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबांनी देह ठेवला.

त्याच विदर्भात तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून ग्रामसफाई आणि सामुदायिक प्रार्थना यांची जोड घालून दिली. एकट्याचे पुण्यकर्म मंडळाचे झाले. मंडळ झाले की एक आजारी पडला तरी काम अडत नाही.

पुढचा पहारा विद्यार्थ्यांचा. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आरंभी ४० हजार विद्यार्थी होते. ‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’ हा तिच्या ब्रीदाचा आशय. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजाचे काम करावयाचे आणि एखाद्या गावात सात दिवसांचे शिबिर करावयाचे. सात दिवस! आपला सप्ताहही सातच दिवसांचा. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री गावकऱ्यांसमोर कार्यक्रम. बाबांच्या दिनक्रमाची छाया यात दिसत नाही काय? अमरावतीच्या विद्यापीठाला तर पुढे बाबांचेच नाव मिळाले.

सन २०००-०१ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावोगाव चुरस लागली. बक्षिसासाठी का होईना, हातात खराटा आला. पण ज्या गावाने बक्षिसापुरता झाडू धरला तेथे दुसऱ्या वर्षी उकिरडा पुन्हा वाढला, आणि ज्या गावाने नेम धरला ते गाव आजही ओळखू येते.

आता आपल्या वारीकडे वळू. अलीकडे पुणे विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुले-मुली निर्मल वारी, हरित वारी म्हणत पालखीमार्गावर उतरतात. तळावर शौचालये मांडलेली असतात, तिकडे जा म्हणून वारकऱ्यांना हात जोडतात. पत्रावळी गोळा करतात, खतासाठी वेगळ्या ठेवतात. वीस वर्षांची मुलगी आपले उष्टे उचलते आणि आपल्यालाच ‘माउली’ म्हणते.

कोणी म्हणतात, आम्ही नामासाठी निघालो, झाडलोटीसाठी नाही. त्यांना माझे विचारणे एवढेच : पालखी पुढे गेल्यावर त्या मुक्कामाच्या गावात मागे काय राहते? ज्या शेतकऱ्याने आपले रान तळासाठी मोकळे करून दिले, ज्या माउलीने पहाटे उठून आपल्यासाठी भाकरी थापल्या, त्यांच्या विहिरीजवळ आपण काय ठेवून जातो? भूती भगवंत पाहणारा संप्रदाय आपला. तो भगवंत त्या गावातही राहतो.

या मुलांच्या कामाला एक मर्यादा आहे. दोन वर्षे झाली की त्यांचे तास भरतात. परीक्षा होतात, मुले नोकरीला जातात, नवी तुकडी येते. लावलेल्या झाडाला उन्हाळ्यात पाणी कोणी घालायचे? खोदलेला शोषखड्डा गाळाने भरला तर कोणी उपसायचा? येथे भजनी मंडळाची गरज लागते. महाविद्यालयाची तुकडी दोन वर्षांची, पण गावाचे भजनी मंडळ पिढ्यान्‌पिढ्यांचे. अंगातला जोर मुलांकडे आहे, नेम आपल्याकडे आहे.

म्हणून विनंती करतो. गावात शिबिर आले तर मुलांना देवळाचा सभामंडप उघडून द्या आणि सकाळच्या श्रमदानाला मंडळातले चार जण पाठवा. जाताना त्यांच्याकडून झाडांची आणि खड्ड्यांची मोजदाद लिहून घ्या, आणि दर एकादशीला भजनाआधी एक फेरी मारा. घरातला नातू-नात या योजनेत नाव घालतो म्हणाले, तर गुण बुडतील म्हणून अडवू नका. दिंडीत प्रत्येकाने स्वतःचे ताट-तांब्या बाळगावा. २०१८ पासून थर्माकोलच्या ताटांना राज्यात बंदी आहेच, पण वारकऱ्याला त्यासाठी कायदा कशाला लागावा?

आणि दिंडीप्रमुखांना एक सांगणे. विणेकरी ठरतो, चोपदार ठरतो, स्वयंपाकाची माणसे ठरतात. तशीच तळ झाडण्याची माणसे रोज नावानिशी ठरवा. येत्या आषाढीला मुक्काम हलताना दहा जणांनी अर्धा तास मागे राहावे, तळ झाडावा, मुलांच्या हातातला खराटा आपल्या हाती घ्यावा आणि मग झपझप चालून दिंडी गाठावी. पांडुरंग तेवढा वेळ विटेवर उभा राहील. अठ्ठावीस युगे उभाच आहे तो.