डीसीआयएम नावाचं फोल्डर आणि डिजिकॅमचे दिवस

(भागाचं लिखित रूप. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जमतील तेवढे गाळलेत.)

ऐकता ऐकता एक काम करा. फोनमधलं फाईल मॅनेजर उघडा आणि ‘डीसीआयएम’ नावाचं फोल्डर शोधा. अँड्रॉइड असेल तर ते लगेच सापडेल. आयफोनच्या पोटातही हेच नाव वापरलेलं असतं. फोन गेल्या महिन्यात घेतलेला असला तरी हे नाव १९९८ सालच्या एका नियमातून आलंय. ‘डिजिटल कॅमेरा इमेजेस’चं ते लघुरूप. तेव्हा जपानमध्ये इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाने एक मानक ठरवलं. एका कंपनीच्या कॅमेऱ्यातलं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात घातलं तरी फोटो दिसले पाहिजेत, हा त्यामागचा हेतू. बाहेरचं फोल्डर सगळ्यांचं एकाच नावाचं, आतल्या फोल्डरला तीन आकडे आणि पाच अक्षरं, फाईलला चार अक्षरं आणि चार आकडे. नावात एवढी कंजुषी का? कारण एमएस-डॉसच्या जमान्यापासून फाईलचं नाव आठ अक्षरांत बसवायची सवय. म्हणून ते ‘डीएससी’ आणि पुढे आकडे. ‘डीएससी’ म्हणजे डिजिटल स्टिल कॅमेरा.

कॅमेरा गेला, फोल्डर राहिलं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात असं नेहमी होतं. ज्याच्यासाठी लिहिलं ती वस्तू भंगारात जाते, आणि कोड मात्र कुणी काढायला धजत नाही.

हे आज काढायचं कारण म्हणजे त्या भंगाराला पुन्हा भाव आलाय. २००३ ते २०१० च्या काळातले छोटे, खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे लोक कपाटातून, सेकंडहँड बाजारातून शोधून काढतायत. २०२५ मध्ये तर कॅननने आपलं २०१६ चं एक कॉम्पॅक्ट मॉडेल किरकोळ बदल करून पुन्हा विकायला काढलं. हातातल्या फोनचा कॅमेरा शंभर पटींनी हुशार असताना! मला या वेडाची चेष्टा करायची नाहीये, उलट ते मला आवडतं. पण तो ‘लूक’ आला कुठून ते आधी पाहू. आणि मग एक गोष्ट, जी मला त्या लूकपेक्षा महत्त्वाची वाटते.

थोडं मागे जाऊ. १९७५, अमेरिकेतलं रॉचेस्टर शहर, कोडॅक कंपनी. स्टीव्हन सॅसन नावाचा पंचविशीतला इंजिनिअर, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या वयाचा. फेअरचाइल्ड कंपनीची एक नवीन सीसीडी चिप, जुन्या मूव्ही कॅमेऱ्याची लेन्स, कॅसेट रेकॉर्डर आणि १६ बॅटऱ्या असं मिळेल ते जोडून त्याने एक डबडं तयार केलं. वजन साडेतीन किलोच्या वर. फोटो कृष्णधवल, १०० बाय १०० पिक्सेलचा. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद, आणि बघायचा टीव्हीवर. पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा तो हाच, असं मानतात. फिल्म विकून जगणाऱ्या कंपनीच्या घरात बिनफिल्मचा कॅमेरा जन्माला आला. पुढे जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. ही गोष्ट मॅनेजमेंटच्या प्रत्येक कोर्समध्ये सांगतात, त्यामुळे मी ती इथेच सोडतो.

सामान्य माणसाच्या दृष्टीने खरी उडी १९९५ ची. कॅसिओचा क्यूव्ही-१०. मागच्या बाजूला १.८ इंचाचा रंगीत स्क्रीन, लेन्सचा भाग गोल फिरणारा, ३२० बाय २४० पिक्सेलचे ९६ फोटो आत साठवणारा. फोटोचा दर्जा म्हणाल तर यथातथाच. पण फोटो काढला आणि लगेच बघितला, हे फिल्मच्या साध्या कॅमेऱ्यात शक्यच नव्हतं. त्याआधी आपल्या घरांत काय होतं आठवा, किंवा आईबाबांना विचारा. ३६ चा रोल. तो संपेपर्यंत थांबायचं. गणपतीत घातलेला रोल कधीकधी दिवाळीत धुवायला जायचा, आणि मग कळायचं की सगळ्यांत चांगल्या फोटोत मामांचे डोळे मिटलेत.

१९९७ मध्ये सोनीने तर चक्क फ्लॉपीवर फोटो साठवणारा माविका आणला. फ्लॉपी १.४४ एमबीची. २००० साली कॅननचा दोन मेगापिक्सेलचा डिजिटल इक्सस आला, पत्त्यांच्या जोडासारखा आटोपशीर. शिवाय निकॉनचा कूलपिक्स, सोनीचा सायबर-शॉट, कोडॅकचा ईझीशेअर अशी रांगच होती. आपल्याकडे बऱ्याच घरांत पहिला डिजिकॅम अमेरिकेतून किंवा दुबईतून आला. सुट्टीवर येणाऱ्या काका-आत्याच्या बॅगेत, चॉकलेटांच्या खाली.

आता तो लूक. चेहरा पांढराफटक, मागे काळाकुट्ट अंधार. हे आज लोक मुद्दाम करतात. कारण साधं आहे. आतला सेन्सर साधारण सहा बाय चार मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. घरातल्या उजेडात त्याला फारसं दिसायचं नाही. म्हणून कॅमेरा फ्लॅश मारायचा. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. एक मीटरवरच्या माणसावर जेवढा उजेड पडतो, त्याच्या एक चतुर्थांश दोन मीटरवर आणि एक नवमांश तीन मीटरवर. मग पुढची वहिनी भुतासारखी उजळणार आणि मागचा मांडव गायब होणार, दुसरं काय! लाल डोळेही त्यातलेच. फ्लॅश लेन्सला खेटून, त्यामुळे उजेड डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परत थेट लेन्समध्ये. ट्यूबलाइटखाली सगळे हिरवट, बल्बखाली पिवळे, कारण ऑटो व्हाइट बॅलन्सची समज बेताची. आकाश पांढरं, कारण उजेडाची मर्यादा ओलांडली की पिक्सेल भरून वाहायचे. थोडक्यात, ही कुणाची कला नव्हती. स्वस्तात, छोट्या जागेत, दोन पेन्सिल सेलवर जमेल तेवढं इंजिनिअरिंग होतं.

‘सीसीडीची जादू’ हा शब्द तुम्ही रील्समध्ये ऐकला असेल. जुना कॅमेरा विकणारे किमतीत त्या जादूचेही पैसे लावतात. सीसीडी म्हणजे काय? स्लॅब टाकताना माणसं रांगेत उभी राहून घमेली पुढे पुढे देतात, तसं. प्रत्येक पिक्सेलमध्ये साठलेला विद्युतभार शेजाऱ्याकडे, त्याच्याकडून पुढच्याकडे, आणि शेवटी टोकाला बसलेला एकच मुकादम सगळं मोजतो. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी ही युक्ती काढली. २००९ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजच्या फोनमध्ये असतो तो सीमॉस सेन्सर. त्यात प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा मुकादम. वीज कमी लागते, वेग जास्त मिळतो आणि बाकीचं सर्किटही त्याच चिपवर बसतं. १९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबमध्ये एरिक फॉसम यांच्या गटाने तो प्रत्यक्षात आणला.

पण रंग? रंग त्या घमेल्यांतून येत नाहीत. दोन्ही प्रकारच्या सेन्सरवर लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची जाळीच बसवलेली असते, कोडॅकच्याच ब्राइस बेयर यांनी सुचवलेली. पुढचं सगळं सॉफ्टवेअर करतं. तेव्हाच्या प्रोसेसरला फार डोकं चालवणं परवडत नव्हतं, म्हणून तो एकच फोटो घ्यायचा, त्याला थोडं भडक करायचा, कडा थोड्या टोकदार करायचा आणि जेपेग करून मोकळा व्हायचा. आजचा फोन एका क्लिकमागे अनेक फोटो घेतो, एकमेकांवर बसवतो, सावल्या उचलतो, चेहरा ओळखून त्वचा गुळगुळीत करतो. तुम्हाला जुना फोटो ‘खरा’ वाटतो तो सीसीडीमुळे नाही. कॅमेऱ्याने तुमच्या वतीने कमी निर्णय घेतले, म्हणून. माझं हे ठाम मत आहे. त्यामुळे सीसीडी नावासाठी दुप्पट पैसे मोजू नका.

शिवाय सीसीडीचा एक किस्सा विकणारे सांगत नाहीत. २००५ मध्ये उघड झालं की सोनीने बनवलेल्या काही सीसीडींमध्ये दोष आहे. गरम आणि दमट हवेत आतल्या बारीक तारांची जोडणी सुटते, आणि मग फोटो जांभळे, वाकडेतिकडे येतात किंवा येतच नाहीत. सोनीची चिप इतरांच्याही कॅमेऱ्यांत असायची. त्यामुळे कॅनन, निकॉन, फुजी, ऑलिंपस अशा एकामागून एक कंपन्यांना फुकट दुरुस्ती जाहीर करावी लागली. गरम आणि दमट म्हणजे आपली मुंबई आणि कोकण, वर्षाचे बरेच महिने. तुमच्या आत्याचा कॅमेरा त्या काळात ‘आपोआप’ बिघडला असेल, तर दोष आत्याचा नसेलही.

२०१० हे वर्ष लक्षात ठेवा. जपानच्या कॅमेरा उद्योगाच्या आकडेवारीनुसार त्या वर्षी १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, आणि त्यातले बहुतेक कॉम्पॅक्ट. तो कळस. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही आत होता. आणि त्याच २०१० च्या ऑक्टोबरमध्ये इन्स्टाग्राम सुरू झालं. त्याचं पहिलं आकर्षण काय, तर फिल्टर लावून फोटो जुन्या फिल्मसारखा दाखवणं! म्हणजे डिजिकॅम जोरात होता तेव्हा लोकांना फिल्मची आठवण येत होती. आता फोन जोरात आहे तर डिजिकॅमची येते.

आता ती दुसरी गोष्ट. आईबाबांच्या लग्नाचे फोटो बहुधा सुरक्षित आहेत. अल्बम जाड, त्यात बटर पेपर, आणि निगेटिव्ह कुठल्यातरी बिस्किटाच्या डब्यात. २०१५ नंतरचे आपले फोटो क्लाउडवर आहेत, नको तितके. मधली दहा-बारा वर्षं कुठे आहेत? शाळेची ट्रिप, ताईचं लग्न, आजोबांची पंचाहत्तरी? ती सीडीवर आहेत. गावातल्या कॉम्प्युटरवाल्याने ‘राइट’ करून दिलेली, वर मार्करने ‘गणपती ०७’ लिहिलेलं. राइट करायच्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या पातळ थरात असते आणि तो थर वर्षांनुवर्षं टिकेलच असं नाही. आपल्या हवेत त्यावर बुरशीही चढते. काही फोटो बंद पडलेल्या पीसीच्या हार्ड डिस्कमध्ये. काही ऑर्कुटवर होते, आणि ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं.

आमच्या घरी आजीचा भिंतीवर लावलेला फोटो याच काळातला आहे. मावसभावाच्या लग्नात कुणीतरी तीन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेला. मूळ फोटोत ती एका कोपऱ्यात, नऊ माणसांमध्ये, हातात पंगतीचं ताट. ती गेल्यावर स्टुडिओवाल्याने त्यातून फक्त चेहरा कापला, लाल डोळे काळे केले, मागे निळं आकाश लावलं. चेहऱ्याच्या वाट्याला आलेले पिक्सेल असतील साडेतीनशे रुंद. जवळ गेलं की चौकोन दिसतात. मला मूळ फोटो हवा होता, ताटासकट. पुष्कळ शोधल्यावर एका मामेभावाकडच्या सीडीत तो सापडला. कोपऱ्यातली नारिंगी तारीख: ०१/०१/२००२. लग्न तर २००७ च्या मे महिन्यातलं. कॅमेऱ्यातल्या घड्याळाला वीज द्यायला एक छोटीशी बॅटरी असते, ती मेली की तारीख परत पहिल्या पानावर. सेट करायचा कंटाळा प्रत्येकाला.

म्हणून जुने फोटो लावताना तारखेवर जाऊ नका, फाईलच्या नंबरवर जा. घड्याळ शून्यावर आलं तरी बहुतेक कॅमेऱ्यांत मोजणी पुढे चालू राहायची, ९९९९ पर्यंत. मी त्या सीडीतले फोटो नंबराने लावले तेव्हा हळद आधी, मग लग्न, मग पंगत असा क्रम आपोआप लागला. आणि आजीचा आणखी एक फोटो निघाला, हललेला, ती कुणावर तरी ओरडतेय.

डिजिकॅम घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण विकत घेण्याआधी घरचं कपाट उघडा. कॅमेरा सुरू झाला नाही तरी आधी कार्ड काढा. एसडी असेल तर साधा कार्ड रीडर चालतो. सोनीचं मेमरी स्टिक किंवा ऑलिंपस-फुजीचं एक्सडी असेल तर त्याला चालणारा जुना रीडर मिळतो तोवर घेऊन ठेवा. एक्सडी कार्ड नवीन बनणं कधीच थांबलंय. कार्ड ‘फॉरमॅट करू का’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा. सीडी असेल तर डीव्हीडी ड्राइव्ह असलेला कुणाचा तरी जुना लॅपटॉप गाठा. एका ड्राइव्हवर वाचली नाही तर दुसऱ्यावर लावून बघा, पुष्कळदा चालते. सगळ्या फाईल्स आहेत त्याच नावांनी उतरवा. नावं बदलू नका. आणि हे करताना घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवा, कारण मागच्या रांगेतला तो चष्मेवाला कोण, हे कुठल्याही कार्डात लिहिलेलं नसतं.