रेवदंड्याचा किनारा आणि घरातला धर्म

रेवदंड्याचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण पोर्तुगिजांच्या कोटापासून सुरुवात करतात. 1508 ची चौलची आरमारी लढाई, पुढच्या काळात उभा राहिलेला कोट, 1570-71 चा मुर्तजा निजामशहाचा वेढा आणि 1740 मध्ये मराठ्यांकडे आलेला ताबा, एवढे सांगून झाले की इतिहास संपतो. तटबंदी अजून दिसते, म्हणून ती लिहिली जाते. पण चौल-रेवदंडा हे बंदर कोटापेक्षा फार जुने आहे आणि त्याचा खरा इतिहास घरांच्या आत घडलेला आहे. समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी इथे बिऱ्हाड मांडले तेव्हा त्यांच्याजवळ मदरसा नव्हता, धर्मगुरू नव्हता, पुष्कळदा ग्रंथही नव्हता. मग त्यांच्या मुलांना दीन शिकवला कुणी?

आपल्यापुरता या प्रश्नाचा सर्वांत जुना धागा मसऊदीच्या हाती सापडतो. बगदादचा हा इतिहासकार हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916-17 च्या सुमारास, सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आपले चौल. तेव्हा इथे शिलाहार राजा झंझ याचा अंमल होता. मसऊदी लिहितो की या गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात; त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले लोक आहेत, ज्यांनी इथे लग्ने केली आणि इथेच वस्ती केली. त्यांच्याबरोबरच तो आणखी एका वर्गाचे नाव देतो : बयासिरा. हिंदच्या भूमीत जन्मलेले मुसलमान, असा त्याचा अर्थही तो सांगून ठेवतो. मुसलमानांचे तंटे सोडवण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख असे, त्याला हुनरमन म्हणत. मसऊदीच्या वेळी त्या पदावर अबू सईद मारूफ बिन जकरिया होता. ‘अजाइबुल हिंद’ या खलाशांच्या गोष्टींच्या संग्रहात सैमूरचा दुसरा एक हुनरमन, अब्बास बिन माहान, भेटतो. त्याच शतकातले भूगोलकार इथल्या जामा मशिदीचाही उल्लेख करतात.

हिंदू राजाच्या राज्यात मुसलमानांचा न्याय मुसलमानाने करावा ही व्यवस्था हजार वर्षांपूर्वी आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर सुखाने चालत होती, ही गोष्ट आपण वारंवार सांगतो आणि सांगायलाही हवी. पण मला त्या नोंदीतला ‘बयासिरा’ हा शब्द जास्त बोलका वाटतो. सिराफचा व्यापारी इथे लग्न करतो तेव्हा त्याची बायको कुठली? बहुतेक इथलीच. खाडीकडची जहाजे वाऱ्याच्या हंगामाने येत आणि हंगामाने जात. पावसाळ्यात तर समुद्र बंदच. म्हणजे बाप वर्षातले कितीतरी महिने दर्यावर किंवा परमुलखात. घरात कोण? आई, आजी, आणि आईचे माहेर. पोराला पहिला कलमा, पहिली दुआ, काय खायचे नि काय नाही, हे त्या बाईने शिकवले असणार, जिने स्वतः ते लग्नानंतर शिकले होते. मसऊदी हे लिहीत नाही. त्याने हुनरमनाचे नाव बापाच्या नावासकट लिहिले. दहा हजारांच्या वस्तीतल्या एकाही आईचे नाव लिहिले नाही. पण बयासिरांची पिढी मुसलमान म्हणून उभी राहिली, याचा दुसरा काही उलगडा मला सुचत नाही. कोकणातल्या मोहल्ल्यांत ओटीवर चटई टाकून शेजारपाजारच्या मुलांना कायदा आणि सिपारा शिकवणाऱ्या बाया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांची परंपरा नेमकी कुठून सुरू होते याचा शोध घ्यायचा तर मी सैमूरपासून घेईन.

आईकडून आलेल्या या शिक्षणाचा लेखी पुरावा आपल्याकडे नाही. पण शेजाऱ्यांकडे आहे. ते शेजारी म्हणजे बेने इस्राएल, ज्यांना रायगडकर ‘शनवार तेली’ म्हणून ओळखत आले. त्यांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे जहाज चौलच्या उत्तरेला नवगावजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना जिथे पुरले त्या जागा नवगावला दाखवतात. हे केव्हा घडले यावर मते वेगवेगळी आहेत, आणि सात जोडप्यांची कथा ही कथाच मानावी. एवढे खरे की 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात पश्चिम आशियातल्या यहुदी पूर्वजांचा आणि इथल्या भारतीय पूर्वजांचा, असा दोन्हींचा वारसा आढळला. म्हणजे तेही बयासिराच.

जहाजाबरोबर त्यांचे ग्रंथ बुडाले, असे ते सांगतात. हिब्रू गेली, बोली मराठी झाली, धंदा तेलाच्या घाण्याचा. गावावरून आडनावे पडली : नवगावकर, किहिमकर, झिराडकर, दिवेकर, अगदी आपल्या कोकणी मुसलमानांत पडतात तशी. 1738 मध्ये दक्षिणेतल्या डॅनिश मिशनचा पाद्री सार्टोरियस याने या लोकांविषयी ऐकीव माहिती लिहून कळवली, तीत म्हटले आहे की त्यांच्याजवळ बायबल नाही, हिब्रू येत नाही, फक्त ‘शमा’ तेवढा ठाऊक आहे. शमा म्हणजे ईश्वर एक आहे ही त्यांची ग्वाही. जन्माला, लग्नाला, मरणाला तेच एक वाक्य. तौहीदचा कलमा ओठावर घेऊन जगणाऱ्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

ग्रंथ नसताना बाकीचे काय राहिले ते पाहण्यासारखे आहे. शनिवारी घाणा बंद. आठव्या दिवशी मुलाची सुंता. आणि सण; पण सणांची हिब्रू नावे विसरली गेली आणि मराठी नावे आली, त्यांतली कितीतरी स्वयंपाकघरातली. वल्हांडणाच्या सणाला ते ‘अनशी ढाकण्याचा सण’ म्हणत. अनस म्हणजे आंबट पातळ पदार्थाचे भांडे. मिसरमधून सुटका झाल्याची कथा पुसट झाली होती, पण त्या दिवसांत आंबवलेले काही चालत नाही एवढे घरातल्या बाईला पक्के माहीत होते. म्हणून भांड्याला झाकण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा दुखवटा ‘बिरड्याचा’ झाला, कारण तो उपवास सोडताना वालाचे बिरडे असे. हजारो कोस दूरच्या एका शहराचे दुःख अलिबागच्या वालात येऊन मुरले! प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून घरात बसायचे, म्हणून तो ‘दारफळणीचा सण’. उपवासाला त्यांचा शब्द होता ‘रोजा’. हा शब्द त्यांना कुणी दिला हे वाचकांना सांगायची गरज नाही. एलियाहू नबीच्या नावाने पोहे, खोबरे आणि फळांचा ‘मलिदा’ अजूनही होतो. आपल्याकडे फातेहाला होतो त्याच नावाचा.

धर्माचा पंचांग-भाग असा चुलीपाशी सांभाळला गेला. चूल नसेल तर काय होते याचेही उदाहरण याच बंदराने पाहिले आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, 1469 च्या आसपास, अफनासी निकितिन हा रशियातल्या त्वेरचा व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. रेवदंड्यात त्याचे स्मारकही आहे. निकितिन एकटा होता. व्होल्गा नदीवर त्याला लुटले तेव्हा त्याची धर्माची पुस्तकेही गेली होती. पुढे तो लिहितो की पुस्तकांवाचून त्याला ईस्टर कधी आणि नाताळ कधी हेच कळेना. अंदाजाने सण धरायचा, मुसलमान रोजे ठेवत तेव्हा आपणही उपवास करायचा. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा देतो, वर हजार मोहरा देतो, असे सांगितले. चार दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात खुरासानचा एक ख्वाजा महंमद तिथे आला, त्याने रदबदली केली आणि निकितिनचा धर्म व घोडा दोन्ही वाचले. दीनमध्ये जबरदस्ती नाही, हे त्या खुरासानी माणसाला खानापेक्षा चांगले कळत होते. असदखान लक्षात राहतो. हा ख्वाजाही लक्षात राहायला हवा. निकितिनच्या वहीच्या शेवटी अरबी-तुर्की शब्दांत अल्लाहची स्तुती आहे. तो मुसलमान झाला होता की काय, यावर विद्वान अजून वाद घालतात. माझ्या मते त्याला फक्त कुणी घरचे नव्हते. शनिवार आला हे आठवून देणारे माणूस घरात असले म्हणजे पुस्तक नसले तरी चालते. दोन्ही नसली की कठीण.

बेने इस्राएलांना मात्र पुढे शिकवणारा भेटला. त्यांच्या आठवणीत त्याचे नाव डेव्हिड रहाबी. काही त्याला हजार वर्षे मागे नेतात, काही म्हणतात तो अठराव्या शतकातला कोचीनच्या रहाबी घराण्यातला डेव्हिड. त्याला शंका होती की हे खरोखर यहुदी आहेत का. त्याने बायकांना मिश्र मासळी आणून दिली आणि रांधायला सांगितली. बायकांनी पर आणि खवले असलेली मासळी वेगळी केली, बाकीची बाजूला सारली. ही आम्ही खात नाही, म्हणाल्या. रहाबीची खात्री पटली. या कथेत पुरुषांना त्याने काय विचारले याचा पत्ता नाही. परीक्षा बायकांची झाली, तीही मासळी निवडण्याची, आणि त्यावर एका समाजाचा धर्म सिद्ध झाला. मग रहाबीने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतले तिघे निवडून त्यांना विधी शिकवले. या शिकवलेल्यांना लोक ‘काजी’ म्हणू लागले. परीक्षा बायकांनी दिली आणि काजीपद पुरुषांना मिळाले! आपल्याकडेही याहून वेगळे काही घडलेले नाही, तेव्हा हसण्याचे कारण नाही.

त्यानंतर शाळा आणि पुस्तके आली. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. पाद्री जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. हेतू धर्मांतराचा असेल, पण लोक हिब्रू शिकले आणि यहुदीच राहिले. 1874 मध्ये पुण्यात वल्हांडणाचे ‘हग्गादा’ हे पुस्तक हिब्रू आणि मराठी असे छापले गेले. 1875 मध्ये हाईम सॅम्युएल किहिमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत समाजाची शाळा निघाली. मराठीतून धर्म वाचला तर धर्म पातळ होतो, असे त्यांच्यातल्या कुणाला वाटले नाही. आपल्याकडे हा वाद किती वर्षे चालला आणि अजून कुठे कुठे चालतो, ते या अंकाचे वाचक जाणतात.

1948 नंतर ही कुटुंबे हळूहळू इस्राएलला निघाली. पुन्हा लांबचा प्रवास, पुन्हा नवे बिऱ्हाड. आणि तिथे 1962 च्या सुमारास मुख्य रब्बींच्या कचेरीने आदेश काढला की बेने इस्राएल मुलामुलीचे लग्न इतर यहुद्यांशी लावण्यापूर्वी तिच्या किंवा त्याच्या आईची, आजीची, आणि शक्य तितके मागे जाऊन वंशाची चौकशी करावी. रहाबीने आयांची मासळी पाहून मान्य केले होते. इथे आयांचे कागद मागितले गेले. नवगावच्या किनाऱ्यावर कागद कुठले असणार? लोकांनी निदर्शने केली, धरणे धरले, आणि ऑगस्ट 1964 मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्व अर्थांनी यहुदी आहेत.

रेवदंड्यात आता त्यांची घरे फारशी उरलेली नाहीत. बेथ-एल सिनेगॉग उभे आहे. खाडीपलीकडे कोर्लईत ख्रिस्ती कुटुंबे अजून पोर्तुगीज मुळाची एक बोली घरात बोलतात; तिला ती ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. पोर्तुगीज 1740 मध्येच गेले. गेली पावणेतीनशे वर्षे ती बोली कुठल्या शाळेत शिकवली जात नाही, पोरे ती आईच्या मागे फिरताना उचलतात.