प्रचालक, हलक्या विमानांचे

हलक्या विमानांचे प्रचालक : दट्ट्याच्या एंजिनाची शक्ती हवा मागे लोटून प्रेरणेत रूपांतरित करणारा पात्यांचा पंखा म्हणजे प्रचालक होय. उड्डाणाच्या प्रारंभी पात्याचा कोन लहान असावा लागतो. त्यामुळे एंजिन पुरेशा वेगाने फिरून आपली शक्ती देऊ शकते. वेगवान सफरीत मात्र मोठा कोन हितावह ठरतो. कायम कोनाच्या पात्यांना ही दोन्ही कामे सारखीच साधत नाहीत. प्रचालकाच्या पुढील विकासाचे मूळ या अडचणीत आहे.

जहाजांच्या प्रचालकांविषयीची माहिती अपुरी आहे, असे आढळल्यावर राइट बंधूंनी पाते म्हणजे फिरणारा पंखच होय, असे मानून गणिते केली. १९०३ मधील त्यांच्या विमानाचे सुमारे २·६ मी. व्यासाचे लाकडी प्रचालक सु. ७५ टक्के कार्यक्षम होते. लाकडाचे थर चिकटवून केलेले प्रचालक पुढे दीर्घकाळ प्रचारात राहिले. ते हलके असून कंपने शोषून घेतात. परंतु ओलाव्याने व खड्यांच्या माऱ्याने त्यांची हानी होते. अमेरिकेत सिल्व्हेनस रीड यांनी ड्युराल्युमिनाचा प्रचालक तयार केला व त्याबद्दल त्यांना १९२५ चे कॉलिअर पारितोषिक मिळाले. धातूची पाती पातळ करता येत असल्याने अधिक वेगातही कार्यक्षम राहतात.

कोन उड्डाणातच बदलण्याचे प्रयत्नही चालू होते. कॅनडात वॉलेस टर्नबुल यांच्या अशा प्रचालकाची चाचणी १९२७ मध्ये झाली. फ्रँक कॉल्डवेल यांच्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या प्रचालकास १९३३ चे कॉलिअर पारितोषिक लाभले. १९३४ च्या इंग्लंड–मेलबर्न शर्यतीत विजयी झालेल्या डी हॅव्हिलँड कॉमेट विमानात उड्डाणापूर्वी सायकलच्या पंपाने हवा भरून पाती लहान कोनात ठेवीत. ठराविक वेग येताच हवा निसटून कोन मोठा होई. तो हवेत पुन्हा लहान करता येत नसे. त्यामुळे उतरताना पुन्हा वर उठण्याची वेळ आल्यास वैमानिकाची अडचण होई. स्थिरवेगी प्रचालकात ही उणीव उरली नाही. त्यातील नियंत्रक तेलाचा दाब कमीजास्त करून पात्यांचा कोन आपोआप बदलतो व एंजिनाच्या फेऱ्या वैमानिकाने ठरविलेल्या संख्येवर राखतो.

तथापि साधा प्रचालक मागे पडलेला नाही. सेसना १७२ या प्रशिक्षणासाठी विपुल वापरल्या जाणाऱ्या विमानास सामान्यतः कायम कोनाचा, तर अधिक शक्तीच्या सेसना १८२ या विमानास स्थिरवेगी प्रचालक असतो. पहिला स्वस्त, हलका व निगेस सोपा आहे; दुसऱ्याने चढण व सफर दोन्ही साधतात, मात्र त्याचे वजन, किंमत व देखभाल वाढते. अलीकडे तंतुप्रबलित संमिश्र पदार्थांच्या पात्यांचा प्रसार वाढला आहे.

प्रकार कोणताही असला, तरी पात्यांची तपासणी अनिवार्य असते. खड्याने धातूच्या पात्याच्या कडेला पडलेल्या लहानशा खाचेतूनही शीणजन्य तडा वाढू शकतो. पात्याचा तुकडा तुटल्यास निर्माण होणाऱ्या असंतुलनाने एंजिन आपल्या बैठकीवरून उखडण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी पात्यांच्या कडा बारकाईने पाहतात.