हिवाळा, घर आणि कारिन लार्सन

स्वीडनच्या दालार्ना प्रांतात डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस सहा तासांहूनही लहान असतो. सूर्य क्षितिजाला धरूनच चालतो आणि दुपारी तीनच्या सुमारास मावळतो. अशा प्रदेशात घर म्हणजे नुसता निवारा नव्हे. वर्षातले कित्येक महिने माणसाचे सारे जग त्या चार भिंतींत सामावलेले असते. भिंतीचा रंग, खिडकीतले रोप, मेजावरचे कापड यांना तेथे येणारे महत्त्व अंगणात आणि ओसरीवर वाढलेल्या आम्हांला सहजी उमगत नाही. रोजचे घर सजवावे आणि त्यात सुख मानावे, हा विचार युरोपात ज्या थोड्या घरांमुळे रुजला, त्यांतले एक याच प्रांतात सुंडबॉर्न या गावी आहे. त्याविषयी एकच प्रश्न आम्हांला येथे विचारायचा आहे : हे घर कोणाची कलाकृती?

चित्रकार कार्ल लार्सन (1853–1919) स्टॉकहोममध्ये अत्यंत दारिद्र्यात वाढला. फ्रान्समधील ग्रे-सुर-ल्वाँ येथील कलावंतांच्या वसाहतीत त्याला कारिन बर्गओ (1859–1928) भेटली. तीही स्टॉकहोमच्या कला अकादमीत शिकलेली चित्रकार होती. 1883 मध्ये त्यांचा विवाह झाला आणि 1888 मध्ये कारिनच्या वडिलांनी सुंडबॉर्नचे छोटे घर त्यांना दिले. मुले होत गेली, तसतशी कारिनची चित्रकला सुटत गेली. 1894 चा उन्हाळा पावसातच गेला. बाहेर बसून चित्रे काढता येईनात, तेव्हा घरातल्या खोल्याच रंगवाव्यात, असे कारिनने सुचवले म्हणतात. त्यातून झालेली जलरंगचित्रे 1899 मध्ये ‘एत हेम’, म्हणजे ‘एक घर’, या नावाने पुस्तकरूपात आली. 1909 मध्ये जर्मनीत निघालेल्या लार्सनच्या पुस्तकाचे नाव तर ‘उन्हातले घर’ असे होते, आणि ते अफाट खपले. पावसाने घरात कोंडलेल्या माणसाच्या चित्रमालिकेची वाट अखेर उन्हापर्यंत गेली, हा विरोधाभास ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

त्याच 1899 साली एलेन केय या स्वीडिश लेखिकेचे ‘सर्वांसाठी सौंदर्य’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. सौंदर्याला पैसा लागत नाही. वस्तू आपल्या कामाला उतरली आणि साधी असली की ती सुंदर होते, श्रीमंती थाटाची नक्कल केली की ती कुरूप होते, असे तिचे प्रतिपादन होते. जड मखमली पडदे आणि काळोखी दिवाणखाने यांच्या त्या काळात हे म्हणणे धीटपणाचे होते. मात्र घराला सौंदर्य देणे हे स्त्रीचे खास कार्य, असेही केय मानीत असे. कामाचा गौरव झाला. पण ते करणारी कलावंत आहे की गृहिणी, हा प्रश्न तसाच राहिला.

1901 पर्यंत सुंडबॉर्नचे घर मुख्यतः उन्हाळ्यापुरते होते. त्या वर्षी कुटुंब तेथे कायमचे राहायला आले आणि घराला हिवाळ्याची कसोटी लागली. येथे कारिनचे काम नीट पाहावे लागते. तिने खिडक्यांवर जड पडदे टाकले नाहीत. तेथे कुंड्या ठेवल्या आणि जो काही प्रकाश असेल तो आत येऊ दिला. जेवणघर लाल व हिरव्या रंगांनी उजळले. तिच्या आराखड्यांवरून गावातल्या सुतारांनी फर्निचर केले. मागावर तिने स्वतः पडदे, गाद्यांचे अभ्रे, भिंतीवरची वस्त्रे विणली. नवऱ्याच्या आणि आपल्या शयनगृहांमध्ये तिने दाराऐवजी ‘प्रेमाचा गुलाब’ हा विणलेला पडदा लावला. कापडातून इतका अर्थ बोलवून घेणाऱ्या व्यक्तीने चित्रकला सोडली, असे म्हणणे आम्हांला पटत नाही. तिने माध्यम बदलले, इतकेच. आमच्या भाषेत ‘कला’ आणि ‘कलाकुसर’ असे दोन शब्द आहेत. रोजच्या वापरातली वस्तू दुसऱ्या शब्दाच्या वाट्याला जाते, आणि तिच्या कर्त्याचे नाव बहुधा मागे पडते.

कार्लची स्वतःची महत्त्वाकांक्षा वेगळी होती. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या जिन्यासाठी त्याने ‘मध्यहिवाळ्यातील बळी’ हे प्रचंड चित्र 1915 मध्ये पूर्ण केले. दुष्काळ टळावा म्हणून उप्सालाच्या मंदिरापुढे राजाचा बळी, हा त्याचा विषय. संग्रहालयाने ते नाकारले. त्या नकाराने आपण मोडून पडलो, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे; पण घराची आणि कुटुंबाची चित्रे हाच आपल्या कामाचा सर्वांत टिकाऊ भाग, असेही तेथेच मान्य केले आहे.

अखेर 1997 मध्ये संग्रहालयाने ते चित्र विकत घेतले. त्याच वर्षी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात लार्सन दांपत्यावरचे प्रदर्शन भरले आणि त्याच्या शीर्षकात कार्लच्या जोडीने कारिनचेही नाव होते. राजाच्या बळीने हिवाळा टाळू पाहणारे चित्र आणि कुंड्या, रंग, कापड यांनी हिवाळा राहण्याजोगा करणारे घर, अशा दोन्हींना एकाच वर्षी न्याय मिळाला. त्यांतले दुसरे काम अधिक अवघड होते, असे आम्हांला वाटते. कारण ते एकदा पूर्ण करून भिंतीवर टांगता येत नाही, दर हिवाळ्यात नव्याने करावे लागते.