पैसा नगराचा, पोलीस सरकारचे

शहराच्या पोलिसांवर होणारा खर्च कोणीं द्यावा हा प्रश्न वरवर पाहतां निव्वळ हिशेबनिसाचा वाटतो. परंतु त्याच्या पाठोपाठ दुसरा एक प्रश्न उभा राहतो, आणि आमच्या मतें तोच अधिक महत्त्वाचा: जो पैसा देतो त्यास, तो कसा व कशासाठीं खर्च होतो, हें विचारण्याचा अधिकार आहे कीं नाहीं? मुंबई शहराच्या इतिहासांत या दोन प्रश्नांची फारकत कशी होत गेली हें पाहण्याजोगें आहे. परंतु हा वाद पहिल्यानें रंगला तो लंडनमध्यें, म्हणून वाचकांस आधीं तेथें नेलें पाहिजे.

१८२९ पर्यंत लंडनच्या आसमंतांतील निरनिराळे पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीप्रमाणें पडलेले विभाग, आपापला रात्रीचा पहारा आपल्याच खर्चानें ठेवीत. पहारेकरी किती असावे, त्यांस काय द्यावें व घरवाल्यांवर पट्टी किती बसवावी, हें सर्व पॅरिशची सभा ठरवी. कित्येक ठिकाणीं हा पहारा नांवाचाच असे, कांहीं सधन विभागांत तो चांगल्यापैकीं होता. पण बरावाईट कसाही असला तरी तो लोकांचा होता. रॉबर्ट पील यानें १८२९ सालीं कायदा करून हे सगळे पहारे मोडले व गृहमंत्र्याच्या हाताखालीं एकच पोलीस दल उभें केलें. जुन्या व्यवस्थेचे दोष त्यानें खोटे दाखविले असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु खर्चाची त्यानें जी योजना केली ती मोठी चमत्कारिक होती. पट्टी पॅरिशांनींच वसूल करून द्यावयाची, तिची मर्यादा घराच्या आकारणीवर पौंडास ८ पेन्स, म्हणजे तिसावा हिस्सा. आणि ती एकदां देऊन टाकल्यावर पॅरिशास बोलण्यास जागा नाहीं! नेमणूक, बडतर्फी, पगार, संख्या यांपैकीं एकाही बाबतींत पट्टी देणाऱ्याचा हात उरला नाहीं.

पीलच्या योजनेंत एक गोष्ट मात्र शहाणपणाची होती व तिचें श्रेय त्यास दिलें पाहिजे. रोवन व मेन या दोघां कमिशनरांच्या हातीं त्यानें पैसा ठेवला नाहीं. त्यासाठीं ‘रिसीव्हर’ या नांवाचा निराळा अधिकारी नेमला. ज्याच्या हातीं दंडुका त्याच्या हातीं थैली नको, हें तत्त्व त्यांत स्पष्ट दिसतें. उणें राहिलें तें एवढेंच, कीं थैली भरणारा कोठेंच नव्हता.

पॅरिशांनीं अर्थातच गिल्ला केला. अर्ज झाले, सभा झाल्या, कित्येकांनीं पैसे देण्यास टाळाटाळ केली. अखेर १८३३ सालीं सरकारनें चौथा हिस्सा आपण सोसण्याचें कबूल केलें. अधिकाराचा लवलेशही मात्र दिला नाहीं. याच देशांत दोनच वर्षांनीं, १८३५ च्या म्युनिसिपल कायद्यानें, इतर नगरांस आपल्या सभासदांची ‘वॉच कमिटी’ नेमून पोलीस ठेवण्याचा पूर्ण हक्क मिळाला. पुढें १८५६ सालीं या नगरांच्या पोलिसांस पगार व कपडे यांच्या खर्चाचा चौथा हिस्सा सरकारांतून मिळूं लागला, तेव्हां त्याबरोबर सरकारी तपासनीसही आले. दल कार्यक्षम आहे असा दाखला मिळाल्यावांचून पैसा मिळावयाचा नाहीं अशी अट होती. सरकारनें पाव हिस्सा दिला तर त्याच्या मोबदल्यांत सरकारास तपासणीचा हक्क. लंडनचा रहिवासी पाऊण हिस्सा देई, त्यास कांहींच नाहीं. १८८८ च्या कायद्यानें लंडनला काउंटी कौन्सिल मिळालें, त्याच्याही हातीं पोलीस दिले नाहींत. गृहमंत्र्याच्या जागीं बहुतांशीं लोकनियुक्त प्रतिनिधींची पोलीस समिती लंडनला लाभली ती थेट २००० सालीं.

आतां मुंबईकडे वळूं. १७९३ च्या सनदी कायद्यानें येथील ‘जस्टिस ऑफ दि पीस’ मंडळीस घरांवर पट्टी बसविण्याचा अधिकार दिला. झाडलोट, पहारा व रस्ते हीं त्याचीं कारणें, आणि वार्षिक उत्पन्नाचा विसावा हिस्सा ही मर्यादा. म्हणजे कचरा व चोर यांचा बंदोबस्त एकाच थैलीतून व्हावयाचा होता. हे जस्टिस सरकारनेंच नेमलेले असत. त्या काळच्या पोलिसांची कीर्ति काय वर्णावी! टॉड हा मुंबईच्या पोलिसांचा वरिष्ठ अधिकारी लांचलुचपतीबद्दल १७९० सालीं चौकशींत सांपडला, आणि वीस वर्षांनीं त्याच्या जागेवर आलेल्या ब्रिस्को याचीही तीच गत झाली.

पोलीस कमिशनरची जागा निर्माण होऊन १८६४ सालीं तीवर फ्रँक सूटर आले. पुढच्याच वर्षीं म्युनिसिपल कारभाराची नवी घडी बसली, आणि आर्थर क्रॉफर्ड यांच्या उधळ्या कारकीर्दीमुळें करदात्यांत इतका असंतोष माजला, कीं १८७१ सालीं नवरोजी फर्दुनजी प्रभृतींच्या पुढाकारानें मोठी चळवळ झाली. तिचें फळ म्हणजे १८७२ चा कायदा: चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन, पैकीं निम्मे करदात्यांनीं निवडलेले. या सभागृहांत दिव्यांचें तेल, गटारें, पाणी यांच्या पैन् पैचा काथ्याकूट होई. पोलिसांच्या रकमेशीं आलें कीं मात्र गाडी अडे. रक्कम द्यावयाची कॉर्पोरेशननें. शिपाई किती व त्यांचा पगार काय हें ठरवावयाचें सरकारनें. आणि कमिशनर उत्तर देणार तें सरकारासच.

सरकारपक्ष म्हणे कीं शहराची शांतता शहराच्याच हिताची आहे, तेव्हां भार त्यानेंच उचलावा. त्यावर नगरपक्षाचें उत्तर असें, कीं मुंबईचें बंदर व व्यापार ही सर्व इलाख्याची बाब आहे, आणि ज्या दलावर आमची सत्ता नाहीं त्याचा बोजा आमच्यावर कां? फिरोजशहा मेहतांसारख्या कायदेपंडितांनीं हा मुद्दा वर्षानुवर्षें लावून धरला. तो बिनतोडच होता. पण त्याचें एक टोक ‘सत्ता द्या’ असें होतें व दुसरें ‘पैसा मागूं नका’ असें, आणि सरकारनें चतुराईनें दुसरें टोक पकडलें.

१९०७ चा पोलीसखर्चाचा कायदा हा त्याचा शेवट होय. पोलिसांचा सर्व खर्च सरकारनें आपल्याकडे घेतला; बदल्यांत प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत यांचा भार कॉर्पोरेशननें पत्करला. नगरपक्षास हा जय वाटला, व पैशाच्या दृष्टीनें तो वावगा नव्हता. परंतु ज्या एका सभागृहांत नगरवासीयांचे निवडलेले प्रतिनिधि पोलिसांच्या रकमेवर बोलूं शकत, निदान कुरकुर करूं शकत, तेथून ती रक्कमच उठली. कायदेकौन्सिलांत ती गेली, पण तेथें तिच्यावर लोकप्रतिनिधींची हुकमत कोठें होती? १९१९ च्या सुधारणांत पोलीस हें खातें ‘राखीव’ ठरलें. कौन्सिलानें मागणी कापली तरी गव्हर्नरास ती पुन्हां घालतां येई. १९३७ सालीं कन्हैयालाल मुनशी मुंबई इलाख्याचे गृहमंत्री झाले, तेव्हां प्रथमच या खर्चास निवडलेल्या सभागृहापुढें जबाबदार असा धनी मिळाला.

नगरसभेच्या हातीं पोलीस गेले असते तर सर्व आलबेल झालें असतें, असें मानण्याचा भाबडेपणा आम्ही करीत नाहीं. न्यूयॉर्कमध्यें पोलीस शहराच्याच ताब्यांत होते, आणि तेथें बढत्या पैसे मोजून विकत घेतल्या जात हें १८९४ च्या लेक्सो समितीनें जगापुढें मांडलें. पण तो गौप्यस्फोट झाला तोही निवडलेल्या विधिमंडळानें नेमलेल्या समितीच्या जाहीर साक्षींतून, हेंही विसरून चालणार नाहीं.

मुंबईच्या पोलिसांचा खर्च आजही राज्याच्या गृहखात्याच्या मागण्यांत असतो, व त्यावर विधानसभा मत देते; महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकांत त्याचा मागमूस नाहीं. तेथें सांपडतात त्या महापालिकेच्या शाळा आणि दवाखाने, १९०७ च्या सौद्यांत शहराच्या वाट्यास आलेले.