उंचीवरील विकार (विरळ हवेचा त्रास)

समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 मीटरपेक्षा उंच प्रदेशात वेगाने गेल्याने, प्राणवायूच्या कमतरतेमुळे होणारा विकार. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेथेही 21 टक्केच असते. मात्र हवेचा दाब घटल्याने प्रत्येक श्वासागणिक तो कमी मिळतो. जळगाव व धुळे ही शहरे जेमतेम 200 ते 250 मीटर उंचीवर वसलेली असून, सातपुड्यातील तोरणमाळही सुमारे 1,150 मीटरच उंच असल्याने तेथे हा त्रास होत नाही. परंतु खानदेशातून केदारनाथ (3,583 मीटर), अमरनाथ किंवा लेह येथे जाणाऱ्याच्या शरीराला एकदम मोठा फरक सोसावा लागतो व विमानाने थेट लेहला उतरणाऱ्यास तर जुळवून घेण्यास अवधीच मिळत नाही.

डोकेदुखी, मळमळ, थकवा व निद्रानाश ही लक्षणे बहुधा पहिल्या दिवसातच दिसतात. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे हे फुप्फुसात पाणी साठल्याचे, तर टाचेला बोटे लावत सरळ रेषेत चालता न येणे हे मेंदूला सूज आल्याचे लक्षण असू शकते. अशा रुग्णास प्राणवायू देऊन विनाविलंब खाली उतरवणे हाच खरा उपचार होय. यात्रेकरू हुंगतात त्या कापराने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण रक्तातील प्राणवायू वाढत नाही, त्यामुळे त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा अधिक न वाढवणे आणि वैद्यकीय सल्ल्याने ॲसिटाझोलामाइड घेणे हे प्रतिबंधाचे मुख्य उपाय आहेत.